पेटर लिपा, आणि स्वर नसलेल्या शब्दांचा जॅझ

परवा पुण्यातल्या एका मित्राला फोनवर म्हटलं की मी हल्ली स्लोव्हाक जॅझ ऐकतेय, पेटर लिपा नावाच्या गायकाचा, तर तो लगेच म्हणाला, अगं जॅझ ऐकायचाय तर अमेरिकन ऐक ना, हे म्हणजे लावणी ऐकायला जपानला जाण्यासारखं झालं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात राहते, नोकरीसाठी आले आणि राहिले. भाषा शिकताना पहिली अडखळले ती व्यंजनांवर. लांडग्याला इथे म्हणतात व्ल्क. बोटाला प्रस्त, आणि त्यातला र स्वरासारखा, म्हणजे खरं तर पृस्त. हृदयाला सृद्चे (शेवटचा च चमच्यातला). स्वर कुठेय यात? आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, मी रडकुंडीला आले की त्याच शिकवायच्या. आणि एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे तर आपले ऋ आणि ऌ! शाळेत आपण ऋ, ॠ, ऌ नुसते पाठ केले, ऋषी म्हणताना रुशी म्हणून मोकळे झालो, आणि इथे ते अस्सल उच्चारासकट रोजच्या बोलण्यात आहेत. दीर्घ ॠ सुद्धा आहे, वाळुंज जातीच्या झाडाला इथे व्ॠबा म्हणतात. व्ल्क म्हणजे आपला वृक, भीमाच्या वृकोदर नावातला, आणि सृद्चे हे आपल्या हृदयाचंच सख्खं भावंड. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही, खरंच सांगते.

आता विचार करा, या भाषेत जॅझ गायचा. इंग्लिशमध्ये गायकाला सूर लांबवायला मोठमोठे स्वर मिळतात. इथे प्रेमाच्या गाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हृदय, आणि त्याच्या पहिल्या अक्षरात र शिवाय धरायला काही नाही. त्यात शब्दावरचा आघात कायम पहिल्या अक्षरावर, आणि जॅझची तर सगळी गंमत आघात सरकवण्यात. वर आणखी एक नियम, स्लोव्हाकमध्ये सहसा दोन दीर्घ अक्षरं शेजारी शेजारी येत नाहीत, पहिलं दीर्घ असलं की पुढचं ऱ्हस्व होतं. गोंडस, छान याला पेक्नी म्हणतात, त्यात नी दीर्घ. पण सुंदर म्हणायचं तर क्रास्नि, क्रा दीर्घ म्हणून नि ऱ्हस्व. मी क्रास्नी म्हटलं की आजी हात वर करून थांबवायच्या. व्याकरणाच्या पुस्तकात या नियमाचं नावच आहे लयीचा नियम. म्हणजे आपल्या वृत्तांमधल्या लघु-गुरूसारखं काहीतरी बोलण्यातच विणलेलं, आणि त्याच्यावर गायकाने स्वतःची लय चढवायची.

हे पेटर लिपा करतात. आजींनीच मला त्यांची सीडी दिली होती, म्हणाल्या व्याकरण पुरे, आता हे ऐक.

जन्म ३० मे १९४३, पूर्वेकडच्या प्रेशोव्ह शहरात. लिपा म्हणजे लिंडनचं झाड, सगळ्या स्लाव लोकांचं लाडकं. त्यांच्या पिढीच्या मुलांना पूर्व युरोपात जॅझ मिळाला तो मुख्यतः रेडिओवर, व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर १९५५ पासून जॅझचा कार्यक्रम करायचा, परदेशातल्या लोकांना कळावं म्हणून मुद्दाम सावकाश बोलायचा, आणि पोलादी पडद्याआडच्या, म्हणजे कम्युनिस्ट देशांमधली पोरं रात्री रेडिओला कान लावून बसायची. लिपा ब्रातिस्लाव्हात बांधकामाचं इंजिनिअरिंग शिकले, पण साठच्या दशकात स्ट्रुनी नावाच्या बँडमध्ये गायला लागले, मग ब्लूज फाइव्ह, पुढे रिव्हायवल जॅझ बँड. पुलांचं आणि इमारतींचं शिकलेला माणूस गायक झाला म्हणून लोक हळहळतात, मला तर वाटतं शिक्षण वाया गेलंच नाही, ते पुढे येईलच.

मग ऑगस्ट १९६८. तेव्हा झेक आणि स्लोव्हाक मिळून एकच देश होता, चेकोस्लोव्हाकिया, तिथली मोकळीक मोडायला सोव्हिएत युनियन आणि वॉर्सा करारातल्या त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे आले आणि त्यानंतरची वीस वर्षं सगळं दाबून टाकलेलं. कलाकारांनी समितीपुढे वाजवून दाखवायचं, मग त्यांची श्रेणी ठरणार, तिच्यावर मानधन ठरणार. बँडची इंग्लिश नावं चालेनात, ब्लू इफेक्ट नावाच्या झेक बँडला मॉड्री एफेक्ट व्हावं लागलं. बरेच जण देश सोडून गेले. लात्सो देत्सी, स्लोव्हाकियात जन्मलेला जबरदस्त ट्रम्पेटवाला, १९८५ मध्ये निघून गेला आणि अमेरिकेत वाजवत राहिला. जाणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही, मी स्वतः घर सोडून आलेली बाई आहे. पण जो राहिला त्याने काय केलं हे कुणी विचारतच नाही, आणि माझं भांडण तिथे आहे.

लिपा राहिले, आणि १९७५ मध्ये साथीदारांबरोबर त्यांनी ब्रातिस्लाव्हा जॅझ डेज सुरू केला. लगेच म्हणू नका की एक फेस्टिवल सुरू केला त्यात काय एवढं. याच देशात, प्रागमध्ये, जॅझ सेक्शन नावाची संस्था होती, प्राग जॅझ डेज भरवायची, पुस्तकं छापायची, तिच्यावर बंदी आणली, आणि १९८६ मध्ये तिची माणसं पकडली, पुढच्या वर्षी खटला चालवून शिक्षा दिल्या. अशा देशात दरवर्षी शरद ऋतूत जॅझचा उत्सव भरवायचा, परवानग्या मिळवायच्या, पुढच्या वर्षी परत भरवायचा! कुणी म्हणेल की सरकारी चौकटीत राहून केलं म्हणजे तडजोड केली. मला ते पटत नाही. हॉलमध्ये बसलेल्या विशीतल्या पोराला वर्षातून दोन-तीन रात्री मोकळा श्वास मिळत होता, त्याला विचारा तडजोड का ते. आजी तरुणपणी दरवर्षी जायच्या, डॅन्यूबच्या काठावर पे-का-ओ नावाचं सांस्कृतिक केंद्र होतं तिथे. त्या सांगतात की ऑक्टोबर आला की घरात आधीपासून ठरलेलं असायचं, पोरांना कुणाकडे ठेवायचं ते. ते पे-का-ओ आता पाडलंय, लोकांनी वर्षानुवर्षं विरोध करूनसुद्धा, आणि तिथून जाताना आजी अजून मान वळवतात. फेस्टिवल मात्र दुसरीकडे गेला आणि जगला. १९८९ च्या क्रांतीत कम्युनिस्ट राजवट गेली, १ जानेवारी १९९३ ला देशाचे दोन देश झाले, तरी तो टिकला. पाया भरताना तो माणूस इंजिनिअरच होता म्हणायचं.

पण गाण्याकडे परत येते, कारण मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल. लिपांनी इंग्लिशमध्येही भरपूर गायलंय, बीटल्सची गाणी ब्लूजच्या अंगाने गायलीत, छान आहेत. पण २००५ चा लिपा स्पिएवा लासित्सु, म्हणजे लिपा गातोय लासित्सा, तो ऐका. मिलान लासित्सा म्हणजे नट, विनोदकार, कवी, इथल्या लोकांच्या मनात त्यांची जागा आपल्याकडे पुलंची आहे तशी, हे मी फार जबाबदारीने लिहितेय. सत्तरच्या दशकात त्यांना आणि त्यांचे जोडीदार यूलियुस सातिन्स्की यांना स्वतःचे कार्यक्रम करायला बंदी होती. लासित्सांचे शब्द साधे, घरात बोलल्यासारखे, आणि लिपा ते गातानाही बोलल्यासारखेच गातात. आवाज किंचित खरखरीत. दीर्घ अक्षर आलं की त्याच्यावर रेलतात, ऱ्हस्व आलं की बीटच्या थोडं मागे टाकतात, भाषेचा लयीचा नियम मोडत नाहीत, त्यालाच झोके देतात. आणि र वर सूर धरतात हो! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं मागे घेऊन चारदा ऐकलं. जुलै २०२१ मध्ये लासित्सा स्टेजवर गाण्याच्या कार्यक्रमातच कोसळले आणि गेले, त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये हीच सीडी दोन-तीन घरांतून ऐकू येत होती.

म्हणून मित्रा, जपानची लावणी हे उदाहरण चुकलं. ख्रिस पेरी आणि लॉर्नाची कोंकणी गाणी तू स्वतः मला ऐकवली होतीस ना, ट्रम्पेट जॅझचा आणि दुःख अस्सल गोव्याचं, तेव्हा तू म्हणाला नव्हतास की हे अमेरिकेतच ऐकावं. तसंच हे. पन्नास-पंचावन्न लाख लोकांचा देश, आणि त्यांच्या गायकाने ठरवलं की बाहेरून आलेल्या या संगीताला आपल्या आजीची भाषा बोलायला लावायची. तो नक्कल करत नव्हता, शब्द तासून तासून बसवत होता, साठ वर्षं.

२०११ मध्ये त्यांनी अल्बम काढला, नाव नुसतं ६८. तेव्हा त्यांचं वय ६८ होतं, पण या देशात तो आकडा वाचून कुणाला रणगाडे आठवणार नाहीत? २०२३ मध्ये ते ऐंशीचे झाले.

काल संध्याकाळी आजींकडे गेले होते, खिडकीबाहेर लिपा फुललाय, म्हणजे झाड, सगळ्या गल्लीत मधासारखा वास. मी म्हटलं क्रास्नि, ऱ्हस्व. आजींनी हात वर केला नाही, केटलीत पाणी ठेवायला उठल्या.

कुणाला गाणी ऐकताना शब्दांचा अर्थ हवा असेल तर मला विचारा, जमेल तसा मराठीत लिहून देईन.