माझ्याकडचं कारंजं

परवा पुण्याहून मावसभाऊ फोनवर तावातावाने म्हणाला, "तुमच्याकडे वास्तू जपतात रे. आपल्याकडे मात्र बालगंधर्व रंगमंदिर पाडायच्या गोष्टी." तेव्हापासून ते "तुमच्याकडे" मला टोचतंय.

दादा, माझ्याकडचं ऐक. सॅन फ्रान्सिस्कोत फेरी बिल्डिंगसमोर आर्मां व्हायांकूर या क्वेबेकच्या शिल्पकाराने १९७१ मध्ये एक कारंजं उभारलं. सुमारे ४० फूट उंच, ७०० टनांच्या घरात. काँक्रीटच्या चौकोनी नळ्या मोडूनवाकवून एकमेकींवर रचल्यासारख्या, आणि त्यांतून कोसळणारं पाणी. शेजारूनच दुमजली फ्रीवे जायचा. त्याच्या गोंगाटाला तोडीस तोड असाच हा पाण्याचा आवाज होता. माणसांनी पाण्याच्या मागे जाऊन उभं राहावं म्हणून आत फरश्या ठेवलेल्या. १९८९ च्या भूकंपात फ्रीवे खिळखिळा झाला, १९९१ मध्ये पाडला, आणि कारंजं एकटं पडलं. कुरूप, कुरूप म्हणत लोकांनी त्याला हिणवलं. मला ते कधीच कुरूप वाटलं नाही.

२०२४ मध्ये पंप बंद पडले. २०२५ मध्ये भोवती कुंपण आलं. मग गंज, ॲस्बेस्टॉस, भूकंपाचा धोका, आणि पाठोपाठ कारंज्याभोवतीच्या प्लाझाच्या, म्हणजे मोकळ्या चौकाच्या, पुनर्विकासाचा आराखडा. नव्वदी ओलांडलेला शिल्पकार स्वतः इथे येऊन वाचवा म्हणून सांगून गेला. तरी नोव्हेंबरात आर्ट्स कमिशनने, म्हणजे शहराच्या कला आयोगाने, ते शहराच्या कलासंग्रहातून वगळायला बहुमताने मंजुरी दिली. सुटे भाग करून गोदामात ठेवायचे. आधी देखभाल सोडायची, मग तेच मोडकळीला आलं म्हणायचं. पुणेकराला हे उलगडून सांगायला नको.

एक फरक मात्र आहे, आणि तो मी दादाला ठासून सांगितला. इथे निर्णयाआधी सुनावणी होते, कुणीही माईकसमोर उभं राहून बोलू शकतं. बालगंधर्वसाठी असं खुलं बोलणं किती वेळा झालं?

फोन ठेवल्यावर मात्र मी गप्प बसलो. त्या सुनावणीला मी गेलो नव्हतो. बार्ट या इथल्या लोकलमधून उतरून बारा वर्षं त्या कारंज्यावरून ऑफिसला गेलो, पण पाण्यामागच्या फरशीवर एकदाही पाय ठेवला नाही. ते इथल्या लोकांचं आहे, असं धरून चाललो. माझं म्हणजे बालगंधर्व. मध्यंतरात बाबांनी घेऊन दिलेला गरम बटाटेवडा, तिसऱ्या घंटेची धांदल. तिथे शेवटचं नाटक पाहिलं ते २००९ मध्ये. म्हणजे तिकडचं मी सोडून आलो आणि इकडचं कधी आपलं म्हटलं नाही.

निर्णयानंतरच्या शनिवारी मुलीला घेऊन गेलो. फार्मर्स मार्केटमधली संत्री हातात धरून ती कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहिली. "बाबा, पाणी कुठून यायचं?" मी एका नळीकडे बोट दाखवलं, मग दुसरीकडे. मला नक्की आठवेना.