जुनी पानं डिलीट करू नका, फॉरवर्डमध्ये काहीही लिहिलेलं असू दे

"७ दिवसांत तुमची वेबसाईट गुगलवर पहिल्या नंबरला" हा मेसेज तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेल, माझ्याकडे तीन ग्रुपमधून आलाय. सात टिप्स आहेत, खाली 'प्रोग्रॅमर लोक हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत' असं लिहिलंय आणि मग नेहमीचं जास्तीत जास्त शेअर करा. मी फ्रीलान्स वेब डेव्हलपमेंट करते, असले मेसेज रोजचेच, वाचते आणि सोडून देते. पण यावेळी माझ्या ताईने तो खरा मानला, आठवडाभर बसून सातच्या सात टिप्स स्वतःच्या साईटवर केल्या आणि दोन महिन्यांनी मला फोन केला, "अगं एकही नवीन चौकशी येत नाहीये, काय बिघडलंय जरा बघतेस का?" ताई भाषांतराची कामं करते. तिला कामं मिळतात ती साईटवरून, दुसरीकडून फारशी नाहीत. साईट उघडून बघितली आणि अक्षरशः डोक्याला हात लावला.

मेसेज न वाचलेल्यांसाठी टिप्स सांगते. एक, मेटा कीवर्ड्समध्ये (पानाच्या कोडमधली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) शंभर शब्द भरा. दोन, पानाच्या तळाला पांढऱ्या अक्षरात कीवर्ड पुन्हा पुन्हा लिहा, वाचणाऱ्याला दिसत नाही पण गुगलला दिसतं. तीन, गुगलला फ्रेश कंटेंट आवडतो म्हणून जुनी पानं डिलीट करा आणि तोच मजकूर नव्या पत्त्यावर टाका. चार, हजार बॅकलिंक्स, म्हणजे दुसऱ्या साईटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका, विकत घ्या. पाच, प्रत्येक पान २००० शब्दांचं करा. सहा, थोडी जाहिरात द्या म्हणजे ऑर्गॅनिक (जाहिरातीशिवायचा) रँकपण वर जातो. सात, साईट फास्ट करा.

सगळ्यात आधी तिसरी टिप, कारण बाकीच्या टिप्सनी वेळ आणि पैसा गेला पण हिने साईटच मोडली.

ताईच्या साईटवर ३८ पानं होती, काही पाच-सहा वर्षं जुनी. त्यातलं एक होतं जन्मदाखल्याचं भाषांतर करून घेताना काय काय लागतं यावर, साधंच लिहिलेलं पण नेमकं. त्या पानाची लिंक एका विद्यापीठाने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या माहितीत दिलेली होती, ताईने न मागता, कुणाला तरी ते उपयोगी वाटलं म्हणून. तिच्या निम्म्याहून जास्त चौकशा त्या एका पानावरून यायच्या. मेसेज वाचून ताईने ते पान उडवलं आणि तोच मजकूर पत्त्याच्या शेवटी 'न्यू' जोडून परत टाकला. बाकी ३७ पानांचंही तेच. आता विद्यापीठाच्या लिंकवर क्लिक केलं की '४०४, पान सापडलं नाही'. सर्व्हरचा लॉग, म्हणजे साईटवर कोणत्या पत्त्यासाठी कोण आलं याची नोंद, उघडला तर त्या जुन्या पत्त्यासाठी ओळीमागून ओळी, दिवसाला आठ-दहा माणसं येतायत, ४०४ बघतायत आणि परत जातायत. ही कामं मागायला आलेली माणसं होती हो! ताईला लॉग दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या सांगण्यावरून करणार नाही. गुगलसाठी पानाची ओळख म्हणजे त्याचा पत्ता, यूआरएल. त्या पानाला कुणी लिंक दिलीय, कुठल्या शोधात ते दाखवायचं, हे सगळं त्या पत्त्याच्या खात्यावर जमा झालेलं असतं. पत्ता उडवला, ४०४ यायला लागला की गुगल दोनचार वेळा येऊन बघतं आणि मग तो पत्ता इंडेक्समधून, म्हणजे आपल्या पानांच्या यादीतून, काढून टाकतं. नवीन पत्ता त्याच्यासाठी अनोळखी पान. मजकूर शब्दन् शब्द तोच असला तरी जुनी लिंक आपोआप नव्या पत्त्याकडे वळत नाही, ती वळवायला ३०१ रीडायरेक्ट ('हे पान कायमचं त्या पत्त्यावर गेलंय' असं सांगणारी सर्व्हरची सूचना) लागतो आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

यात अर्धं सत्य आहे ते मान्य करते, नाइलाजाने. काही शोधांसाठी ताजेपणा खरंच लागतो. सामन्याचा स्कोर, निवडणुकीचा निकाल, नवीन फोनचा रिव्ह्यू, इथे कालचं पान आज कामाचं नाही. पण जन्मदाखल्याच्या भाषांतराची माहिती दर महिन्याला शिळी होत नाही, आणि झालीच तर त्याच पत्त्यावर जाऊन मजकूर दुरुस्त करायचा असतो. नुसती तारीख बदलून पान नवं भासवणं हे तर गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात नको त्या गोष्टींमध्ये घातलंय.

दुरुस्ती करायला दोन रात्री गेल्या. सर्च कन्सोलमधून (साईट गुगलवर कशी दिसते ते साईटच्या मालकाला दाखवणारं गुगलचं टूल) ज्या पत्त्यांवर पूर्वी क्लिक यायचे त्यांची यादी काढली, काही पानांवर नेमकं काय होतं ते ताईला आठवेना ती वेबॅक मशीनवर (वेबसाईटच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साईट) शोधली, आणि एकेका नव्या पानासमोर त्याचा जुना पत्ता लिहून सगळा मजकूर परत जुन्या पत्त्यांवर नेला, नव्यांवरून जुन्यांकडे ३०१ लावले. इथे एक सांगून ठेवते, ताईच्या थीममध्ये (साईटच्या तयार साच्यात) 'सगळे ४०४ होमपेजवर पाठवा' असं एक बटण होतं आणि ते तिने मधल्या काळात दाबून बघितलं होतं. त्याने काही होत नाही. जन्मदाखला शोधणारा माणूस होमपेजवर आला तर त्याला हवं ते मिळत नाही, आणि गुगल असल्या रीडायरेक्टला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं.

आता बॅकलिंक्स, कारण हे त्याच दुखण्याचं दुसरं टोक आहे. विद्यापीठाने आपणहून दिलेली खरी लिंक ताईने तोडली आणि त्याच आठवड्यात पैसे देऊन हजार खोट्या लिंका घेतल्या. त्यातल्या वीसेक मी उघडून बघितल्या. जुगाराच्या साईट, कसल्याही भाषेतला मशीनने जोडलेला मजकूर, आणि मध्येच ताईचं नाव. लिंक म्हणजे मत ही कल्पना खरी आहे, गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना मांडलेलं पेजरँक, म्हणजे पानांचं महत्त्व ठरवायची पद्धत, त्यावरच उभं होतं. पण त्यातसुद्धा मत कुणाचं याला वजन होतं, नुसती मोजदाद नव्हती. विकतच्या लिंकांवर गुगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं तेव्हा कितीतरी साईट एका रात्रीत खाली गेल्या, आणि आता तर असल्या बहुतेक लिंका सरळ दुर्लक्षित होतात. म्हणजे नशीब चांगलं असेल तर पैसे वाया, नसेल तर सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनची (गुगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची) नोटीस आणि मग लिंका काढत, विनंत्या करत बसा. ताईला नोटीस आलेली नाही, म्हणून डिसअव्हाऊ टूलला ('या लिंका धरू नका' असं गुगलला कळवायचं साधन) मी हात लावला नाही, ते उगाच वापरायचं हत्यार नाही.

पांढरी अक्षरं. ताईच्या होमपेजवर कंट्रोल आणि ए दाबलं तर तळाला निळा ठोकळा उमटला, 'भाषांतर सेवा' जवळजवळ तीनशे वेळा. गुगलच्या स्पॅम पॉलिसीमध्ये लपवलेल्या मजकुराच्या उदाहरणांत पांढऱ्यावर पांढरं हे नाव घेऊन दिलंय, इतकी ही जुनी युक्ती आहे. पण मला राग आला तो दुसऱ्याच कारणाने. ताईचे एक जुने क्लायंट अंध आहेत, स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात. त्यांनी तिला मेल केलेला, की तुमचं पान एकच शब्द बोलत राहतंय, संपर्काच्या फॉर्मपर्यंत पोचताच येत नाही. स्क्रीन रीडरला रंग दिसत नाही, तो मजकूर वाचतो, तीनशेच्या तीनशे वेळा. फोटोंच्या ऑल्ट टेक्स्टमध्येही (फोटोला जोडलेलं लेखी वर्णन) हेच शब्द कोंबलेले होते, जे मुळात अशाच माणसांना फोटोत काय आहे ते कळावं म्हणून असतं. ज्यांच्यासाठी सोय केलीय त्यांच्याच वाटेत दगड टाकायला सांगणारा सल्ला कुणी पुढे पाठवताना थांबून विचार करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. (टॅब किंवा क्लिक केल्यावर उघडणारा मजकूर लपलेला असला तरी त्याला हरकत नाही, त्यासाठी घाबरून काही काढू नका.)

मेटा कीवर्ड्स आणि २००० शब्द यांना फार वेळ द्यायची गरज नाही. गुगल वेब सर्चच्या रँकिंगमध्ये कीवर्ड्सचा मेटा टॅग वापरत नाही हे त्यांनी सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि गुगलचं एसईओ (साईट शोधात वर आणायचं काम) स्टार्टर गाईड म्हणून एक पान आहे, फुकट आहे, अर्ध्या तासात वाचून होतं, त्यात कशाकडे लक्ष देऊ नका याची वेगळी यादीच आहे. मेटा कीवर्ड्स, कीवर्ड कोंबणं, शब्दसंख्या, सगळं त्या यादीत. किमान किंवा कमाल असा कुठलाही आकडा नाही असं स्पष्ट लिहिलंय. ताईने ४०० शब्दांत नीट सांगितलेली माहिती ताणून २००० केली तेव्हा कागदपत्रांची यादी, जी लोकांना हवी असते, ती पार खाली गेली.

जाहिरातीचं उत्तरही गुगलनेच दिलंय, जाहिरात दिल्याने सर्च रिझल्टमधल्या जागेवर काहीही परिणाम होत नाही. जाहिरात द्यायची तर खुशाल द्या, पण ते वेगळं काम आहे.

सातवी टिप, साईट फास्ट करा, ही बरोबर आहे. पटत नसलं तरी म्हणावं लागतं. पण तिथेही 'पेजस्पीडमध्ये १०० मार्क आले की पहिला नंबर' हे घुसडलंय (पेजस्पीड म्हणजे साईटचा वेग तपासायचं गुगलचं टूल). ते मार्क म्हणजे एका चाचणीचा निकाल. गुगल बघतं ते खऱ्या वापरणाऱ्यांचे आकडे, पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला का, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद आला का, मजकूर वाचताना उड्या तर मारत नाही ना. आणि मार्कांच्या नादात ताईने पानाच्या सगळ्यात वरच्या फोटोलाही लेझी लोडिंग (गरज पडेपर्यंत फोटो न उघडणारी सोय) लावलेलं, त्याने तो फोटो उलट उशिरा दिसायला लागला.

राहिला सात दिवसांचा वायदा. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे गुगलने एसईओवाला निवडताना काय बघावं या पानावर लिहून ठेवलंय, आणि केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही तासांपासून काही महिने लागू शकतात. ताईचं जन्मदाखल्याचं पान पाचव्या आठवड्यात परत दिसायला लागलं, विद्यापीठाची लिंक तर त्याच रात्री चालू झाली. बाकीची काही पानं अजून यायचीयत.

तुम्हीही जुनी पानं उडवून बसला असाल तर आधी एक करा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये जा, तारीख जास्तीत जास्त मागची लावा, 'पेजेस'वर क्लिक करून सगळी यादी एक्स्पोर्ट करा. तिथे फक्त १६ महिन्यांचा डेटा राहतो, त्याआधीचे पत्ते मग तुम्हाला स्वतःच आठवत बसावे लागतील.