टॉप स्ट्रॅपवरची खाच दिसली म्हणून रिव्हॉल्व्हर बाद होत नाही

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या, म्हणजे दर बाराला घोडा (काडतुसावर ठोका देणारा भाग) अंगठ्याने चढवावा लागतो त्या रिव्हॉल्व्हरच्या, झिजेबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: सिलिंडरच्या (काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) वरून जाणाऱ्या फ्रेमच्या पट्टीवर, म्हणजे टॉप स्ट्रॅपवर, आतून आडवी खाच पडली की फ्रेम कापली जात आहे आणि एक दिवस तुटणार, म्हणून ती खाच वेल्डिंगने भरून घ्यावी, सिलिंडरभोवती रेघ उमटली म्हणजे टायमिंग (घोडा चढताना काडतुसाचे घर नेमके नळीसमोर येण्याचा मेळ) गेले, सिलिंडर हाताला हलला की हत्यार संपले, आणि सिलिंडरच्या तोंडावरची काळी वर्तुळे घासून काढली नाहीत तर पोलाद खाल्ले जाते. यातले काही अर्धवट खरे आहे, म्हणून ते पटतेही. परिणाम असा होतो की डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांची धास्ती बसते आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावल्याशिवाय न कळणारी झीज तशीच वाढत राहते.

‘खाच वाढत जाऊन फ्रेम तुटते’

खाच का पडते ते आधी पाहू. गोळी सिलिंडरमधून नळीत शिरताना मधल्या फटीतून तप्त वायू चहूबाजूंना सुटतो. त्यासोबत न जळलेले दारूचे कण आणि शिशाचे शिंतोडे असतात. टॉप स्ट्रॅप त्या फटीच्या अगदी जवळ असल्याने झोत तिथेच आपटतो. उष्णतेने पोलादाचा वरचा थर नरम होतो आणि कण तो खरवडून नेतात. .३५७ मॅग्नम काडतुसात हलक्या गोळ्या, ११० ते १२५ ग्रेन वजनाच्या, आणि भरपूर मंद जळणारी बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) असेल तर खाच लवकर उमटते. .३८ स्पेशल किंवा सौम्य .४५ कोल्ट काडतुसे वापरणाऱ्याला ती वर्षानुवर्षे दिसतही नाही.

पण खाच खोल होते तसतसे फटीपासून तिच्या तळापर्यंतचे अंतर वाढते. झोत तिथे पोहोचेपर्यंत पसरतो, निवतो, त्याचा जोर ओसरतो. म्हणून सुरुवातीला भरभर वाढलेली खाच पुढे जवळजवळ थांबते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला .३५७ मॅक्सिमम या लांब काडतुसासाठी रुगर कंपनीने ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर काढली, तेव्हा हलक्या गोळ्यांनी टॉप स्ट्रॅप इतका चटकन खाल्ला गेला की बराच गाजावाजा झाला आणि ते मॉडेल बंद झाले. फिरत्या मजकुरातली भीती बहुधा तिथूनच आली असावी. त्या टोकाच्या काडतुसाचा न्याय नेहमीच्या .३५७ ला लावणे चूक आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. खाच नाही म्हणून जुने हत्यार सुरक्षित ठरत नाही. कोल्ट कंपनीने आपल्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हरला धूरविरहित दारूसाठी हमी दिली ती १९०० पासून. त्याआधीच्या फ्रेमचा टॉप स्ट्रॅप आरशासारखा असला तरी त्यात ती काडतुसे घालू नयेत.

‘वेल्डिंगने भरून घ्या’

हा सल्ला सगळ्यांत घातक आहे. फ्रेम उष्णोपचार करून कठीण आणि चिवट केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमक्या ताण सोसणाऱ्या पट्टीतला तो गुण जातो, वर फ्रेम वाकण्याचा धोका. निरुपद्रवी खाचेच्या जागी खरोखर कमजोर फ्रेम हातात येते. खाच कानशीने गुळगुळीत करणेही व्यर्थ, कारण त्यात चांगले धातूच निघून जाते. खाचेची खोली मोजून टिपून ठेवावी आणि ५०० गोळ्यांनंतर पुन्हा मोजावी. वाढ मंदावली असेल तर विषय संपला. तशीच चालू असेल तर आधी फट मोजा, मग काडतूस बदला.

‘सिलिंडर हलतो म्हणजे संपले’

कुठल्या दिशेने हलतो, हा खरा प्रश्न आहे. घोडा पूर्ण चढवल्यावर सिलिंडर डावी-उजवीकडे किंचित हलणे बहुतेक चांगल्या हत्यारांत असते. तेवढ्या ढिलाईमुळे गोळी फोर्सिंग कोनमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या निमुळत्या तोंडात) शिरताना सिलिंडरला स्वतःच्या रेषेत ओढून घेते. पुढे-मागे हलणे, म्हणजे एंड शेक, हा मात्र वेगळा प्रकार आहे आणि तो मोजावाच लागतो.

आधी सगळी घरे रिकामी आहेत हे डोळ्याने आणि बोटाने तपासा. सिलिंडर काढून त्याचे तोंड आणि नळीचे मागचे टोक साफ करा, कारण तिथली काजळी माप खोटे दाखवते. सिलिंडर परत बसवून बोटाने मागे दाबून धरा आणि नळी व सिलिंडर यांच्यामध्ये फीलर गेज घाला. जोर न लावता जाणारी सर्वांत जाड पाती म्हणजे फट. मग सिलिंडर पुढे दाबून तेच करा. समजा मागे दाबल्यावर ०.१८ मिलिमीटर आले आणि पुढे दाबल्यावर ०.१२, तर एंड शेक ०.०६. सहाही घरांवर मोजा, तोंड तिरके असेल तर आकडे जुळत नाहीत.

मागे दाबल्यावरची फट ०.१० ते ०.२० असावी. ०.०८ च्या खाली गेली तर तापल्यावर आणि काजळी धरल्यावर सिलिंडर अडकतो, ०.३० च्या वर गेली तर दुरुस्ती हवी. एंड शेक ०.०३ ते ०.०८ ठीक, ०.१३ च्या पुढे गेला की थांबायला हवे. कारण प्रत्येक बाराला सिलिंडर पुढे-मागे आपटतो आणि प्रत्येक आपटण्याने ढिलाई आणखी वाढते. शिवाय घोड्याचा ठोका काडतूस पेटवण्याऐवजी सिलिंडर पुढे ढकलण्यात खर्च होतो, म्हणून मधूनच काडतूस फुसके जाते.

कोल्ट पद्धतीच्या सिलिंडरमध्ये सुटे बुशिंग (आसाभोवतीची छोटी नळी) असते, ते ताणून किंवा बदलून एंड शेक कमी करतात. रुगरमध्ये सुटे बुशिंग नाही, तिथे पातळ पोलादी शिम (चकत्या) घालतात. पण शिमने जास्तीची फट भरत नाही, फक्त हालचाल थांबते. फटीसाठी नळी एक पूर्ण आटा मागे घ्यावी लागते. पूर्णच, नाहीतर नेम धरायची पुढची माशी तिरकी बसते. मग नळीचे टोक मापात कापून फोर्सिंग कोन नव्याने कापतात आणि इजेक्टरचे (रिकामी टरफले ढकलणाऱ्या दांड्याचे) घरही जुळवून घेतात. हे गनस्मिथचेच काम आहे.

‘सिलिंडरवर रेघ म्हणजे टायमिंग गेले’

कोल्ट पद्धतीत बोल्ट (सिलिंडर अडवणारी खिटी) सिलिंडरवरच्या खाचेच्या अलीकडच्या उतारावर पडायला हवा. पूर्ण वळसा घालणारी रेघ बहुधा वापरणाऱ्याच्या सवयीने पडते: घोडा अर्धा चढवून काडतुसे भरली आणि तिथूनच खाली सोडला. भरून झाल्यावर घोडा पूर्ण चढवून मगच अंगठ्याने सावकाश उतरवावा. १९७३ नंतरच्या न्यू मॉडेल रुगरमध्ये गेट (काडतुसे भरायच्या जागेचे झाकण) उघडले की बोल्ट खाली जातो आणि बंद करताच जिथे असेल तिथे वर येतो. गेट लावल्यावर सिलिंडर हाताने खाच लागेपर्यंत फिरवला की रेघ टळते.

टायमिंगची खरी परीक्षा ही: रिकाम्या हत्याराच्या सिलिंडरवर बोट हलके टेकवून घोडा अगदी सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढून अडकला तेव्हा बोल्ट खाचेत बसलेला असला पाहिजे. सिलिंडरला हाताने थोडे पुढे ढकलावे लागले तर कमतरता आहे. एकाच घराला असे होत असेल तर सिलिंडरच्या मागच्या दात्यांत दोष आहे, सहाही घरांना होत असेल तर हँड (ते दाते ढकलून सिलिंडर फिरवणारा भाग) झिजला आहे. झटक्यात घोडा ओढणाऱ्याला हे कळत नाही, कारण वेगातला सिलिंडर आपोआप पुढे जातो. आणि तोच झटका खाचांच्या कडा चेपतो. नखाने चाचपल्यावर कडेवर उठलेली धार लागली, तर चिंता तिची करावी.

‘काळी वर्तुळे पोलाद खातात’

नाही खात. काजळी आणि शिसे आहे ते. ब्राँझच्या ब्रशने निघेल तेवढे काढा, बाकी राहू द्या. तोंड खरवडून फट वाढवण्यात शहाणपण नाही. निकेलच्या मुलाम्यावर अमोनियाचे द्रावण ठेवू नका, ते खालच्या तांब्याच्या थराला लागते. .३५७ च्या घरात .३८ स्पेशल वापरून पडणाऱ्या कड्याला पुष्कळ जण झीज समजतात; ते कडे ब्रशने निघते आणि मग लांब काडतूस पुन्हा सहज बसते.

या सगळ्यात मजकुरात न आलेली जागा म्हणजे फोर्सिंग कोन. तिथे भिंगाखाली सुकलेल्या चिखलासारखी बारीक भेगांची जाळी दिसली तर ती उष्णतेची आहे, लक्ष ठेवायचे. पण एकच भेग नळीच्या टोकाच्या कडेपर्यंत आली असेल तर एकही गोळी झाडू नये. शंका असेल तर पातळ तेल लावा, कोरडे पुसा आणि काही मिनिटांनी पाहा: भेग असेल तर तेलाची बारीक रेघ त्याच जागी पुन्हा वर येते.