‘मर्डर ड्रोन्स’चा शेवट आणि आमच्या घरातला न मिटलेला वाद

(ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावे. पुढे सगळे उघड केले आहे.)

२०२४ च्या गणपतीत बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरी आरती आटोपली की प्रसादाबरोबर एक वाद रोज नव्याने सुरू व्हायचा. चतुर्थीच्या बरोबर पंधरा दिवस आधी, २३ ऑगस्टला, ‘मर्डर ड्रोन्स’ या अॅनिमेशन मालिकेचा आठवा आणि शेवटचा भाग यूट्यूबवर आला होता. कॉलेजात शिकणारी माझी भाची, पुण्याहून आलेला पुतण्या आणि आमच्या शेजारचा कन्नडभाषक मुलगा या तिघांनी तो आल्याबरोबर पाहिला होता आणि तिघांची तीन मते होती. मी मध्ये बोलायला गेलो तेव्हा भाचीने स्पष्ट सांगितले, “ओ मामा, तुमी आधी बघा तर, मग बोला.” म्हणून दोन रात्री बसून मी आठही भाग पाहिले. तेव्हापासून मीही त्या वादात पक्षकार आहे, आणि एवढे दिवस तोंडी मांडलेली बाजू आज लिहून ठेवतो आहे.

थोडक्यात ओळख करून देतो. लिअम व्हिकर्स या तरुण अॅनिमेटरची ही कल्पना, आणि निर्मिती ऑस्ट्रेलियातल्या ग्लिच प्रॉडक्शन्सची. कोणत्याही वाहिनीच्या दारात न जाता मालिका यूट्यूबवर विनामूल्य दाखवायची आणि खर्च जाहिराती, टी-शर्ट व बाहुल्यांच्या विक्रीतून भरून काढायचा, अशी या स्टुडिओची रीत आहे. कथा कॉपर ९ नावाच्या बर्फाळ ग्रहावर घडते. तिथली माणसे मरून गेली आहेत आणि मागे राहिलेले कामगार यंत्रमानव बंद दारांआड जगत आहेत, कारण त्यांना मारण्यासाठी दुसरे यंत्रमानव पाठवले गेले आहेत. उझी ही कामगारांतली बंडखोर मुलगी, आणि एन हा मारेकऱ्यांपैकी एक, पण स्वभावाने अगदी भाबडा. या दोघांच्या मैत्रीपासून सुरू झालेली गोष्ट पुढे अॅब्सोल्यूट सॉल्व्हर नावाच्या एका भयंकर शक्तीपर्यंत आणि ती शक्ती जिच्यात शिरली आहे त्या सिनपर्यंत जाते.

शेवटावर सर्वांत मोठ्या आवाजात होणारी तक्रार माझ्या पुतण्याचीच आहे: उत्तरे मिळाली नाहीत. सॉल्व्हर मुळात आला कुठून, त्याला हवे काय होते, त्याचे नियम कोणते, हे शेवटपर्यंत नीट उलगडत नाही, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. मला मात्र ही तक्रार पटत नाही. पहिला भाग ऑक्टोबर २०२१ मध्ये आला आणि दुसरा थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधल्या वर्षभरात चाहत्यांच्या हाती पहिल्या भागातल्या फ्रेम थांबवून थांबवून भिंतीवरची अक्षरे वाचण्यापलीकडे काहीच नव्हते. ज्याला वर्षभर कोडे सोडवत बसावे लागते तो पुढे कथेकडेही कोडे म्हणूनच पाहू लागतो आणि शेवटच्या भागाकडून उत्तरपत्रिकेची अपेक्षा धरतो. लेखकानेही जागोजागी कागदपत्रे, चिन्हे आणि अर्धवट संदेश पेरून ही सवय लावली, हे मान्य केले तरी सॉल्व्हरचा उगम कळल्याने सहाव्या, सातव्या किंवा आठव्या भागातला एकही प्रसंग अधिक हलवून टाकणारा झाला असता असे मला वाटत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या शेवटात घडते भरपूर, पण घडलेल्याचा परिणाम पात्रांच्या अंगावर उमटायला वेळच मिळत नाही. सातव्या भागात कळते की जिला आपण टेसा नावाची माणसाची मुलगी समजत होतो ती टेसा नव्हेच. सिन तिची कातडी पांघरून वावरत होती. पाचव्या भागात याच टेसाने कचऱ्यात फेकलेल्या एनसारख्या यंत्रमानवांना उचलून घरी आणलेले, माणसासारखे वागवलेले आपण पाहिलेले असते. एनच्या दृष्टीने तर हा सगळ्या भूतकाळाचा घात आहे. ज्याच्या भाबडेपणावर मालिकेचे निम्मे हसू उभे आहे, त्या एनला हे कळल्यानंतर स्वस्थ बसून रडता येईल असा एक मिनिट तरी हवा होता की नाही? तो मिळत नाही, कारण लगेच पाठलाग, स्फोट आणि पुढची लढाई सुरू होते. नोरी, म्हणजे मेली असे समजलेली उझीची आई, अशाच धावपळीत परत येते. एवढ्या वर्षांनी मुलीला आई आणि नवऱ्याला बायको भेटते, आणि लेखक एक विनोद टाकून पुढे निघून जातो. विनोद चांगला आहे, हे कबूल करतो.

तरुणपणी मी आमच्या गल्लीतल्या मुलांबरोबर एकांकिका स्पर्धांत उतरायचो, त्यामुळे या प्रकारचा शेवट मी आतून ओळखतो. एका स्पर्धेत पहिल्या प्रसंगाला हशा मिळाला म्हणून आम्ही तो ताणला, नंतरच्या प्रसंगात एकाने स्वतःची दोन वाक्ये वाढवली, आणि वेळ संपत आल्याची घंटा झाली तेव्हा मुख्य मृत्यूचा प्रसंग अजून व्हायचा होता. आम्ही तो पळत पळत केला. मेलेल्या माणसाच्या अंगावर प्रकाश मंदावायलाही वेळ राहिला नाही. निकालानंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की तुमचा शेवट बिघडलेला नाही, तुमची सुरुवात बिघडली आहे. ‘मर्डर ड्रोन्स’ पाहताना मला तेच आठवत राहिले. आठ भागांची मर्यादा ही अडचण नव्हतीच. मर्यादा आधीपासून ठरलेली होती. त्या आठांतली मिनिटे कुठे खर्च झाली, हा प्रश्न शेवटच्या भागाला विचारून उपयोग नाही.

व्ही, म्हणजे एनच्या जोडीची मारेकरी, तिच्या बाबतीत तर मी थोडा रागातच आहे. सहाव्या भागात इतरांना निसटता यावे म्हणून ती एकटी मागे थांबते आणि आपण समजतो की ती संपली. मालिकेच्या सुरुवातीला हीच व्ही मारण्यात आनंद मानणारी होती. तिने असे थांबणे हा मला संपूर्ण मालिकेतला सर्वांत नीट लिहिलेला पालट वाटतो. आठव्या भागात ती परत येते. चाहत्यांनी आनंदाने उड्या मारल्या, माझ्या भाचीनेही मारल्या. मला मात्र आधीच्या दुःखाचे पैसे कुणीतरी परत मागून घेतल्यासारखे वाटले. भाचीचे म्हणणे असे की व्ही परत आली म्हणून तिचे थांबणे खोटे ठरत नाही, कारण थांबताना आपण वाचणार हे तिला ठाऊक नव्हते. या मुद्द्यावर मी दोन दिवस गप्प होतो.

पुतण्या चिडून शेवटी म्हणाला, “काका, फुकट बघायला मिळालंय न्हवं, मग नावं कशाला ठेवायची?” मूळ तक्रार त्याचीच होती, हे तो तोवर विसरला होता! पण हा युक्तिवाद पुष्कळ चाहते गंभीरपणे करतात: लहान स्टुडिओ आहे, वाहिनीचे पाठबळ नाही, सांभाळून बोला. मला यात दया दिसते आणि थोडा अपमानही दिसतो. आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून लोक वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलने भरवतात; तिथल्या कवीला कुणी “गावातला आहे, सांभाळून घ्या” म्हणून टाळ्या दिल्या तर त्या कवीलाच पहिल्यांदा कळते. स्वतंत्र कलाकृतीचा मान ठेवायचा तर तिची चिकित्सा मोठ्या स्टुडिओच्या कामाइतक्याच काटेकोरपणे करायला हवी. कलाकारांना शिव्या घालणे किंवा धमकावणे याला मी चिकित्सा म्हणत नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी कदाचित आम्हा सीमाभागातल्यांनाच विशेष आवडेल. मालिकेत डॉल नावाची मुलगी सतत रशियन बोलते आणि समोरचे सगळे तिला इंग्रजीत उत्तर देतात. कुणी चकित होत नाही, कुणी भाषांतर मागत नाही. परदेशी प्रेक्षकांनी याला मजेदार विचित्रपणा मानले. आमच्या बैठकीत कुणाच्या ते लक्षातही आले नाही, कारण त्या वेळी शेजारचा मुलगा कन्नडमध्ये बोलत होता आणि भाची त्याला मराठीत उत्तरे देत होती.

आता शेवटात मला काय आवडले तेही सांगायला हवे. पहिल्या भागात खान डोरमन, म्हणजे दारे बांधण्यातच आयुष्य घालवलेला उझीचा बाप, मुलगी संकटात असताना घाबरून दार लावून घेतो आणि ती बाहेर राहते. तिथून पुढे आठही भाग मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात: ही मुलगी धोकादायक आहे असे कळल्यावर तिच्यासाठी दार कोण उघडे ठेवतो? एन ठेवतो. शेवटच्या लढाईत उझी सिनचे हृदय खाऊन टाकते, म्हणजे स्वतःतल्या सॉल्व्हरच्या ज्या भुकेची तिला भीती वाटत होती तिचाच ती हत्यार म्हणून वापर करते, आणि त्यानंतरही एन तिच्याजवळच असतो. सॉल्व्हरचा उगम ठाऊक नसतानाही हे पोहोचते. लेखनाची ही बाजू भक्कम आहे, म्हणूनच बाकीची घाई अधिक खुपते.

विसर्जनाच्या रात्री मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे सरकण्याची वाट पाहत आम्ही कट्ट्यावर बसलो होतो. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा वेळ भरपूर होता. मी माझा एकांकिकेचा सिद्धान्त पुन्हा मांडला, की शेवटासाठी लागणारी मिनिटे आधीच्या भागांतून काढायला हवी होती. एवढा वेळ फारसे न बोललेल्या शेजारच्या मुलाने विचारले, कुठल्या भागातून? मी चौथ्याचे नाव घेतले, तो शाळेच्या सहलीचा भाग. भाची लगेच उसळली: त्याच भागात उझीची भूक अनावर होते आणि एन तिच्यापासून पळत नाही, तो काढला तर तुमचे ते उघडे दार कुठून येणार? मग तिसरा म्हणावे तर डॉलची ओळख तिथेच आहे, आणि पाचव्याशिवाय टेसाच्या नसण्याला अर्थ नाही. राहतो सहावा. तिथल्या भूमिगत प्रयोगशाळेतली बरीच पळापळ कमी करता आली असती असे मला अजूनही वाटते, पण त्याच पळापळीच्या शेवटी व्ही मागे थांबते, आणि नेमकी किती मिनिटे कापली तर ते थांबणे तसेच राहील हे मी त्या मुलाला अजून सांगू शकलेलो नाही.