आमची जास्वंद, त्यांचा गणपती

कुंपणालगत जास्वंद लावू नये, हे नर्सरीवाला कधीच सांगत नाही. तो खत सांगतो, पाणी सांगतो. पहाटे पावणेसहाला येणाऱ्या भाविकांबद्दल मात्र मौन. मी लेखा विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे झोपण्यापूर्वी कळ्या मोजतो. रात्रीची शिल्लक चौदा, सकाळची दोन. त्याही पानांआड दडलेल्या म्हणून वाचलेल्या.

चोर म्हणवत नाही हो. पायात फिरायचे बूट, हातात दुधाची धुतलेली पिशवी, तोंडात अथर्वशीर्ष. हटकलं तर, "काका, देवासाठीच घेतोय!" जणू मी झाड भुतासाठी लावलंय. नुसता हात कुंपणावरून दोन फूट आत पोचतो. छत्रीची मूठ लावली की साडेचार. म्हणजे झाड भिंतीपासून पाच फूट आत हवं. आमचं अंगणच सहा फूट रुंद आहे. मग झाड अंगणात आणि मी गल्लीत.

फुलं गेल्याचं दुःख एक वेळ गिळता येतं. खरा तोटा फांदीचा. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. छत्रीनं फांदी वाकवून ओढली की सालीची पट्टी खालपर्यंत सोलून निघते, मागच्या बारक्या कळ्या जातात आणि जखमेतून बुरशी शिरते. अशी फांदी लोंबत ठेवू नये. पेराच्या जरासं वर, धारदार कात्रीनं, तिरका काप द्यायचा. कात्री आधी स्पिरिटनं पुसून घ्यायची. उन्हापाण्याची सोय असेल तर त्या पेरातून नवे फुटवे येतात. म्हणजे चोरीमुळे झाड दाट होतं. हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

कायदाही वाचून काढला. दुपारी दुसरं काय करणार? 1 जुलै 2024 पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं. त्यातली मौज अशी की, जमिनीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत चोरीचा विषयच होत नाही. तोडली की होते. म्हणजे फूल देठावर असताना माणूस नुसता भाविक, देठ तुटला की आरोपी. त्यात माल पाच हजारांच्या आतला असला तर गुन्हा अदखलपात्र. रोज दहा फुलं, फुलाला दोन रुपये धरले, तर पाच हजार व्हायला अडीचशे दिवस. आणि पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्यानं असा माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. पण इथे परत करायचा माल म्हणजे निर्माल्य!

मुलानं परदेशातून कॅमेरा पाठवला. अंधारात तो कृष्णधवल चित्र घेतो, त्यामुळे फूल कुठलं आणि टोपी कुठली तेच कळत नाही. 'झाडावर औषध मारले आहे' ही पाटी दोन दिवस चालली. पाटी खरी होती, पिठ्या ढेकूण पडला होता: लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, आठवड्यानं पुन्हा. तिसऱ्या दिवशी लोक फुलं धुऊन वाहू लागले.

चालणारा उपाय एकच, तोही सौ.चा. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते. पाकळ्यांची लाल गुंडाळी हिरव्या निदलांच्या बरीच बाहेर आलेली असते. ती देठासकट खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून ताटलीत पसरली की उमलते, पाणीसुद्धा लागत नाही. हिरवी टणक कळी खुडू नये. ती फुकट जाते, आणि कळी देवाला चालत नाही. डब्यावर चिठ्ठी लावणं आवश्यक. आमच्याकडे एकदा त्या कळ्यांवर पाहुण्यांनी 'ही कसली भाजी?' म्हणून चर्चा केली होती. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तर मी टॉर्च घेऊन स्वतःच्याच झाडावर दरोडा घालतो. आता शेजाऱ्यांना मी संशयास्पद वाटतो.

शेवटी तह म्हणून फाटकाला बादली टांगली: 'फुले न्यावीत, निर्माल्य आणून द्यावे.' निर्माल्याचं खत उत्तम होतं. हारांचे दोरे, उदबत्तीच्या काड्या आणि प्लॅस्टिक आधी काढायचं, दुप्पट वाळका पालापाचोळा मिसळायचा, मुठीत दाबला तर पाणी गळू नये इतपतच ओल ठेवायची, दर आठवड्याला वरखाली करायचं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत होतं. वास आला तर ओल जास्त झाली समजून आणखी पाचोळा घालायचा.

प्रतिसाद दांडगा मिळाला. आठवडाभर बादली भरून वाहत होती. माझीच जास्वंद सुकून, कुंकू लावून घरी येत होती. अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर निर्माल्य फाटकापाशी नीट ओतून ठेवलेलं होतं. बादली नव्हती.