एक किलोपर्यंत चालतो म्हणे!

मागच्या महिन्यात आमच्या नौपाड्यातल्या मेडिकलवर नेहमीच्या एक काकू आल्या. पिशवीतून गांजाच्या झाडापासून केलेल्या तेलाची, ड्रॉपरवाली तीस मिलीची बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि मोबाइलवरचा मेसेज पुढे केला. "दादा, हे वाचा जरा. गुडघ्यासाठी मुलाने ऑनलाइन मागवलंय. माझ्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर चालतं ना?"

मेसेज ओळखीचा निघाला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलेला. त्यात लिहिलं होतं: गांजा ही महादेवाची वनस्पती. त्याने कॅन्सर बरा होतो. अमेरिकेच्या एफडीएने फिट्सवर त्याला मान्यता दिली. साइड इफेक्ट शून्य. 2020 मध्ये युनोने बंदी उठवली, भारतानेही बाजूने मत दिलं. एक किलोपर्यंत बाळगला तर गुन्हा नाही. औषध कंपन्या हे दडपतात, म्हणून पुढे पाठवा.

सगळंच खोटं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. सुरुवात एक किलोपासून करतो, कारण त्या ओळीवर विसंबून एखादा पोरगा आत जाईल.

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत धरली आहे, एवढंच खरं. पण ही मात्रा शिक्षा किती हे ठरवण्यासाठी आहे. एक किलोच्या आत सापडलात तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापुढे वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर किमान दहा वर्षं, आणि जामिनासाठी चपला झिजवा. नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. यात 'चालतो' कुठे आलं?

मग भांग कशी मिळते, असं कुणीतरी विचारणारच. या कायद्याच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि राळ येते, म्हणजे गांजा आणि चरस. सुटी पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. पण हुरळू नका, आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय तीही ठेवता येत नाही.

युनोचं म्हणाल तर डिसेंबर 2020 मध्ये मतदान झालं, 27 विरुद्ध 25. भारत बाजूने होता, हेही खरं. पण झालं काय, तर हेरॉइनच्या पंगतीतल्या सर्वांत कडक यादीतून गांजा निघाला. मॉर्फिन ज्या यादीत आहे तिथे तो आजही आहे. त्या मतदानाने आपल्या कायद्यातला स्वल्पविरामही हलला नाही.

आता फिट्स. 2018 मध्ये एफडीएने मान्यता दिली ती एपिडिओलेक्स नावाच्या औषधाला. त्यात असतो गांजाच्या झाडातून वेगळा काढलेला सीबीडी नावाचा शुद्ध घटक, एका मिलीत शंभर मिलिग्रॅम. नशा आणणारा घटक टीएचसी, हा तो नव्हे. मान्यताही लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, हट्टी आजारांपुरती, ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ. 2020 मध्ये तिसऱ्याची भर पडली. त्याचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे दहा ते वीस मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला रोज दोनशे ते चारशे.

काकूंच्या बाटलीवर लिहिलं होतं 'विजया पत्र अर्क 1000 मिग्रॅ' (विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग), रोज रात्री पाच थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर पाच थेंबांत जेमतेम आठ मिलिग्रॅम, तेही अर्काचे. त्या अर्कात सीबीडी किती, टीएचसी किती, यावर लेबल गप्प. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' एवढं मात्र मुंगीच्या अक्षरात होतं. ते वाचायला मला चष्मा कपाळावर सरकवावा लागला. फिट्सवाल्या औषधाचा दाखला या तेलाला चिकटवणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोराच्या मार्कांवर आपल्या पोराचं ॲडमिशन मागणं.

कॅन्सरबद्दल थोडक्यात. काचेच्या बशीत या घटकांनी कॅन्सरच्या पेशी मारल्या आहेत. बशीत त्या ब्लीचनेही मरतात. माणसाचा कॅन्सर याने बरा होतो असा पुरावा नाही. केमोनंतरच्या उलट्यांवर मात्र टीएचसीच्या धाटणीची दोन औषधं, ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन, अमेरिकेत 1985 पासून मान्य आहेत. जुनाट दुखण्यात काही प्रौढांना आराम पडतो, असं 2017 च्या अमेरिकन राष्ट्रीय अकादम्यांच्या अहवालानेही म्हटलं आहे. त्यामुळे गुडघ्याची आशा अगदीच वेडी नव्हती.

'औषध कंपन्या दडपतात' यावर एकच सांगतो. एपिडिओलेक्सची कंपनी 2021 मध्ये दुसऱ्या औषध कंपनीने सात अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली. एवढे पैसे टाकून कुणी दडपत नाही, विकतं. आणि महादेवाचं नाव घेणाऱ्यांनी आयुर्वेदही नीट पाहावा. तिथे भांग औषधात घालण्याआधी धुऊन, तुपात परतून शोधन करायला सांगितलं आहे. जी वस्तू शुद्ध करून घ्यावी लागते तिला 'साइड इफेक्ट शून्य' कोण म्हणेल?

तो शून्य मला सगळ्यात जास्त खटकतो. अफूसारखा श्वास थांबून गांजाने माणूस सहसा दगावत नाही, हे मान्य. पण टीएचसीने छाती धडधडते, म्हाताऱ्या माणसाचं उभं राहिल्यावर बीपी पडतं, ज्याच्या घराण्यात मनोविकार आहे त्याला भ्रम होऊ शकतात. सीबीडीचं दुखणं वेगळं. यकृतात जी विकरं (एन्झाइम) वॉर्फरिन, म्हणजे काकूंची रक्त पातळ करायची गोळी, मोडतात त्यांनाच ते अडवतं. मग रोजचीच गोळी अंगात जास्त साठते आणि रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं.

काकूंची हृदयाची झडप बदललेली आहे. त्यांच्या वहीत दर महिन्याचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, लिहिलेला असतो, अडीच ते साडेतीनच्या मध्ये. मी विचारलं, "सुरू केलंत का?"

"बारा दिवस झाले. झोप छान लागते हो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तपासून घेतला. पाच पूर्णांक एक. डॉक्टरांनी तेल बंद केलं, दोन दिवस गोळी थांबवली आणि आठवड्याने पुन्हा बोलावलं. हे तेलामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुलगा फोनवर म्हणाला, आईने मेथीची भाजी जास्त खाल्ली असेल. मी म्हटलं, "अरे, पालेभाजीने आयएनआर खाली येतो."