१५० मीटरांवरून पुण्य कसं कमवावं

गेल्या मंगळवारी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मला पोटातलं बाळ ठेवायला सांगण्यात आलं.

मी चालले होते पिशवीतल्या गाठी दाखवायला. आठ महिने पाळीचा पत्ता नव्हता, मग एकदम अंगावरून जायला लागलं, म्हणून स्कॅन. इंग्लंडमध्ये स्कॅनची तारीख कशी मिळते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको आणि भारतातल्यांना सांगून पटणार नाही. त्याच हॉस्पिटलात गर्भपातही होतात. बसमधून उतरले, तर थांब्याच्या बाकावर, गर्भपाताला येणाऱ्या बायकांचं मन वळवायला बसलेल्या दोन बायका आणि एक गृहस्थ. शेजारी थर्मास, बिस्किटांचा डबा, मांडीवर जपमाळा. त्यातल्या एकीनं लगबगीनं उठून माझा हात धरला, मला 'मम्', म्हणजे आई, म्हटलं आणि गुलाबी पायांचं चित्र असलेलं पत्रक हातात कोंबलं. मी म्हटलं, बाई, माझी पाळी जायला आलीय. त्यावर त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अजूनही विचार बदलता येईल."

पाळी जाण्याबद्दल विचार बदलता येत असता, तर मी तो केव्हाच बदलला असता. असो. एवढी निष्ठा पाहून मन भरून आलं. तुमच्यापैकी कुणाला हे पुण्यकार्य सुरू करायचं असेल, तर माझ्या अल्प अनुभवातून चार सूचना लिहून ठेवते.

सगळ्यात आधी जागा. पूर्वी बरं होतं, थेट क्लिनिकच्या फाटकाला टेकून उभं राहता यायचं. मग २०१८ साली लंडनमधल्या ईलिंगच्या कौन्सिलनं पहिल्यांदा क्लिनिकभोवती रेघ मारली. ती सगळ्या देशात मारा असं लोक म्हणाले, तर सरकार म्हणालं, छे, एवढं कशाला. सहा वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात होतात त्या प्रत्येक क्लिनिक-हॉस्पिटलभोवती १५० मीटरांच्या आत कुणाचा निर्णय फिरवायला बघायचं नाही, वाट अडवायची नाही, त्रास द्यायचा नाही. दंडाला वरची मर्यादा नाही. स्कॉटलंडमध्ये २०० मीटर, आयर्लंडमध्ये १००. तेव्हा शिंप्याकडची टेप नको, रस्ता मोजणाऱ्यांची आणा. आणि मोजून झाल्यावर हॉस्पिटलकडे बघूच नका, बसथांबा कुठे आहे ते बघा. आमच्याकडचा थांबा रेघेच्या जेमतेम पलीकडे पडतो. लग्नात मांडवाच्या दाराशी अत्तर लावायला माणूस उभा करतात ना, तशी जागा! गाडी नसलेली प्रत्येक बाई हातात सापडते. गाडीवाल्या सुटतात, पण त्यांच्या आत्म्याची काळजी दुसरं कुणी करत असेल.

कपडे गरम घाला.

साहित्य थोडकंच लागतं. प्लॅस्टिकचं बोटभर बाळ, एखादं लोकरीचं टोपडं आणि पत्रकं. गर्भपात केला की स्तनाचा कर्करोग होतो हे पत्रकात असायलाच हवं. तसं होत नाही हे डॉक्टर लोक सांगून थकले, पण पत्रक डॉक्टरांना द्यायचंच नसतं. घाबरलेल्या बाईला द्यायचं असतं.

थर्मास विसरू नका. धर्माला घसा लागतो.

अमेरिकेकडून प्रेरणा घ्या. तिथे मॅसॅच्युसेट्समध्ये क्लिनिकच्या दारापासून ३५ फुटांवर फुटपाथवर पिवळी रेघ मारली होती. ३५ फूट म्हणजे आपल्या चाळीच्या गॅलरीची लांबी. का मारली, तर ३० डिसेंबर १९९४ ला बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये एक माणूस बंदूक घेऊन एका क्लिनिकात शिरला, मग दुसऱ्यात शिरला, आणि दोन ठिकाणच्या दोन रिसेप्शनिस्ट बायका ठार झाल्या. पण फूटपट्टीला इतिहास कळत नाही. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की ३५ फूट म्हणजे फारच होतं, फुटपाथ सर्वांचा. स्वतः त्या न्यायालयाच्या प्रशस्त संगमरवरी अंगणात मात्र निदर्शनं करायला कायद्यानं बंदी आहे. करायची तर खाली फुटपाथवर जाऊन. न्यायमूर्तींना शांतता लागते. त्यांना निर्णय घ्यायचे असतात.

पकडले गेलात तर घाबरू नका, हुतात्मा व्हा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी, व्हान्स साहेबांनी, म्यूनिकला जाऊन सगळ्या युरोपला ऐकवलं की ब्रिटनमध्ये मनातल्या मनात प्रार्थना केली तरी शिक्षा होते, स्कॉटलंडमध्ये तर घरात प्रार्थना करू नका अशी पत्रं येतात. असं पत्र गेलेलं नाही असं स्कॉटिश सरकार सांगत राहिलं, पण तोवर त्या भाषणाचा व्हिडिओ आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता.

इथे जरा खरं बोलते. मनातल्या प्रार्थनेबद्दल पोलिसांनी हटकावं हे मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं. बर्मिंगहॅममध्ये एका बाईंना असंच पकडलं आणि पोलिसांना नंतर १३,००० पौंड भरपाई द्यावी लागली. मीही तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं. मनात काय चाललंय हे पोलिस विचारायला लागले तर उद्या आपलंही अवघड आहे. पण हे सगळं मी घरी सोफ्यावर बसून म्हटलं होतं. थांब्यावर उतरायच्या आधी.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: शांत उभे राहा. ओरडू नका, ओरडणारे मूर्ख. नुसती मान खाली घाला, ओठ किंचित हलवा, माळेचे मणी ओढत राहा, आणि समोरून बाई आली की एकदाच, फक्त एकदाच, मान वर करून तिच्या पोटाकडे बघा. बस्स. कुणी विचारलं तर आम्ही काहीच केलं नाही. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. पाळीत देवघराशी गेलेल्या सुनेकडे सासू कशी बघते? एक शब्द बोलते का? तसंच. माझ्या मागून त्याच बसमधून एक मुलगी उतरली होती. असेल एकोणीस-वीसची, कानात इयरफोन, जॅकेटची टोपी डोळ्यांपर्यंत. तो गृहस्थ तोंडानं एक अक्षर बोलला नाही. नुसता उठला, दोन पावलं पुढे झाला आणि मान खाली घालून उभा राहिला, रस्ता मोकळा ठेवून, अगदी सभ्यपणे. ती थबकली. मग थांब्याच्या काचेमागे गेली, फोन काढला, परत ठेवला. परतीच्या बसची वेळ बघितली. ती कशाला आली होती मला माहीत नाही. कान दुखत असेल, आजी ॲडमिट असेल, नाहीतर ज्यासाठी तुम्ही समजताय त्यासाठी असेल. तिचं तिला ठाऊक. एकाही माणसाला ते विचारायचा हक्क नाही आणि तुम्ही तर न विचारताच ठरवून मोकळे झालात! माझ्या हातातल्या पत्रकाकडे बघून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुमच्याबरोबर चालू का?"

आम्ही चाललो. काही बोललो नाही. मी पावलं मोजत होते, दुसरं सुचेना. दोनशे आठ. हॉस्पिटलच्या दारात ती डावीकडे वळली, मी उजवीकडे.

दोनशे आठ पावलं. ह्या दोनशे आठ पावलांवरून जगभर भाषणं चालू आहेत. हा मोकळा रस्ता म्हणजे लोकशाहीचा अंत. बोलण्याचं स्वातंत्र्य संपलं म्हणे! अहो, संपलं कुठे? शहराच्या चौकात उभे राहा, संसदेसमोर उभे राहा, चर्चमध्ये रोज तीन वेळा बोला, पेपरात लिहा, निवडणुकीला उभे राहा. कुणी अडवलंय? पण तिथे मजा नाही. तिथे माणसं उठून जातात. तुम्हाला उठून जाता न येणारं माणूस हवं असतं, जिला त्या दारातूनच आत जायचंय आणि आजच जायचंय. मेलबर्नच्या एका क्लिनिकबाहेर वर्षानुवर्षं रोज सकाळी हेच चाललं होतं. २००१ साली तिथल्या सुरक्षारक्षकाला एकानं गोळी घातली. तरी १५० मीटरांचा कायदा तिथे लागू व्हायला २०१६ उजाडलं. सगळे गोळ्या घालत नाहीत, मान्य. बाकावर बसलेल्या त्या बाई मुंगीही मारणार नाहीत. पण दारातून आत जाणाऱ्या बाईनं हे चेहरे बघून कसं ओळखायचं?

माळ कुठली घेतलीत ह्यानं फरक पडत नाही.

मराठी बंधूंसाठी खास सूचना: आपल्याला ह्याची गरज नाही. आपल्याकडे क्लिनिकबाहेर कुणी उभं राहत नाही, कारण उभी राहणारी माणसं घरातच असतात. १९७१ पासून कायदा आहे, पण बाई क्युरेटिंगला जायचं म्हणाली की फाटक स्वयंपाकघरातच लागतं. आणि सोनोग्राफीच्या प्रत्येक दुकानावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी का लावावी लागते हे आपण सोयीनं विसरतो. मुलगी आहे म्हटल्यावर ह्याच घरांतून पुण्याचा हिशेब कसा उलटा फिरायचा, ते आमच्या पिढीनं पाहिलंय.

तर तो तीनदा आलेला व्हिडिओ. तिसऱ्यांदा टाकला तो मंडळातल्या एका काकांनी. गणपतीत आरत्या तेच सांगतात, माणूस तसा प्रेमळ. खाली लिहिलं होतं: "नुसती प्रार्थना केली तर गुन्हा? कुठे चाललाय हा देश!" बावीस अंगठे. मी काकांच्या घरी दिवाळीला गेलेय. त्यांच्या दारावर स्टिकर आहे, विक्रेते आणि धर्मप्रचारक यांनी बेल वाजवू नये. छान, मोठ्या अक्षरांतलं.

काका, मी बेळगावची. शहापूरची. सविता हलप्पनवार हे नाव तुम्हाला आठवतं का? तीही बेळगावची. दातांची डॉक्टर, ३१ वर्षांची, १७ आठवड्यांची गरोदर, मूल हवं असलेली. २१ ऑक्टोबर २०१२ ला आयर्लंडमध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात गेली. गर्भ वाचणार नाही हे तिथल्यांनीच सांगितलं. तिनं मग गर्भपात करून सोडवा म्हटलं तर गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणाले. हा कॅथलिक देश आहे, हेही तिला ऐकवलं गेलं. २८ तारखेला सेप्सिसनं गेली. आमच्या गावात तिच्या आईबापांच्या घरी कॅमेरे येऊन उभे राहिले होते. २०१८ ला त्या देशानं सार्वमत घेऊन कायदा बदलला, ६६ टक्के लोकांनी होय म्हटलं. आणि मग काय झालं? मग हीच भाविक मंडळी पत्रकं घेऊन आयरिश हॉस्पिटलांबाहेर येऊन उभी राहिली. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेही १०० मीटरांची रेघ मारावी लागली. हौस म्हणून नाही मारली कुणी. आणि तुम्ही अंगठे मोजताय.

लाज वाटू द्या थोडी. तुमच्या दारावर स्टिकर चालतं, कारण दार तुमचं. हॉस्पिटलचं दार आजारी माणसाचं असतं, तिथे दोनशे पावलं सोडायला सांगितली तर जिवावर येतं. तुमच्या मुलीला कधी जावं लागलं, तर तिच्याबरोबर कोण चालणार आहे? तुम्ही? व्हिडिओ टाकणारे?

अडीच तासांनी मी परत आले तेव्हाही तिघं तिथेच होते. पाऊस लागला होता, मला उभं राहवत नव्हतं, आणि त्या बाईंनी पुन्हा गोड हसून विचारलं, "आता कसं वाटतंय, मम्?" पुढच्या महिन्यात मला परत यायचंय. तेव्हा निदान त्या बाकावरून उठा. तो बसची वाट बघणाऱ्यांसाठी आहे.